कोळ्यांनी खाल्लेल्या गोष्टी

सात ओढ्यांच्या एका जंगलात एक साळुंकी राहत असे. खरे तर मधली चार वर्षे ती तिथे नव्हती. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या बागेत शिकायला गेली होती. मुलांनो, शिकलेले सगळे आपल्या माणसांना द्यायचे, असे ठरवून परत येणारे कोणी तुम्ही पाहिले आहे का? साळुंक्या एरवी टुकुटुकु चालतात. ही मात्र उड्या मारत आली.

त्या जंगलात दर वसंतात सपाट खडकावर गोष्टींची सभा भरे. कोणाची गोष्ट सांगायची, हे एक म्हातारा बगळा ठरवी. तो एका पायावर उभा राहून दोन वाक्ये ऐके आणि डोळे मिटून म्हणे, "पुढच्या वर्षी बघू." एक शेकरूआजी सलग नऊ वर्षे आपली गोष्ट घेऊन आली होती आणि नऊ वेळा "पुढच्या वर्षी" ऐकून परत गेली होती. साळुंकी आली त्या वसंतात ती दहाव्यांदा परत चालली होती.

ते पाहून साळुंकीला राहवले नाही. ती खडकावर चढली आणि म्हणाली, "बगळेकाका, परवानगी देणारे तुम्ही कोण? ज्याची गोष्ट, त्याचा हक्क! मी प्रत्येकाची गोष्ट जंगलभर पोचवीन. आजच्या आज!"

बगळ्याने दुसरा पाय खाली टेकला. "पोचव बाई. पण ऐकणार कोण?"

"सगळे!" साळुंकी म्हणाली.

तिने रानकोळ्यांना गाठले. हे कोळी झाडापासून झाडापर्यंत जाड, चिवट दोरे ताणत. साळुंकीने त्यांना, आणि मग साऱ्या जंगलाला, एक नवी लिपी शिकवली. गाठ आणि मोकळी जागा, अशा दोनच खुणा. त्यांतून कोणतीही गोष्ट दोऱ्यावर बांधता येई. दोऱ्यावर पाय ठेवला की बोटांना गाठी लागत आणि गोष्ट कळे. तिने या उद्योगाचे नाव ठेवले 'सर्वांचे जाळे', आणि पहिला दोरा जवळच्या ओढ्याच्या या काठावरून त्या काठापर्यंत बांधला.

पहिल्याच दिवशी शेकरूआजी आली. "पोरी, माझी गोष्ट छोटी आहे. वणव्याच्या वर्षाची. माझ्या धाकटीची. हल्ली मला गोष्टी विसरायला होतात गं. काल स्वतःचंच घरटं शोधत होते. धाकटी शेवटचं काय बोलली, तेवढं तरी कुठेतरी राहावं."

"राहील की, आजी! कोळीदादांना सांगा, ते बांधतील," साळुंकी म्हणाली. तिची नजर मागच्या रांगेकडे होती. रांग पार बोरीच्या झुडपापर्यंत गेली होती.

"मग आता मला विसरायला हरकत नाही ना?"

"खुशाल विसरा! जाळ्यावर आलं ते कायमचं."

आजीने कोळ्याच्या कानाशी तोंड नेऊन हळू आवाजात गोष्ट सांगितली. मग तिने गाठींवरून एकदा हात फिरवला आणि कितीतरी वर्षांनी ती निवांत झोपली.

पाहता पाहता जाळे जंगलभर पसरले. मुंगूस, तरस, भेकर, सगळ्यांच्या गोष्टी झाडाझाडांवर झुलू लागल्या. कावळ्याने एकट्याने अकरा बांधून घेतल्या. त्यांतल्या नऊ तर त्याने काय काय खाल्ले याच्याच होत्या. जो तो आपापल्या दोऱ्यावर पाय ठेवून उभा राही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारी, "अहो, माझी वाचलीत का?" समोरचाही घाईतच असे. "वाचतो हं! तुम्ही माझी वाचलीत का?" साळुंकी उंचावरून हे सगळे दोरे उन्हात चमकताना पाही, तेव्हा तिचा ऊर भरून येई. आता कोणीही मुके राहिलेले नाही, असे तिला वाटे. स्वतः खाली उतरून एखादी गोष्ट वाचायला मात्र तिला सवड मिळाली नाही.

शरद ऋतूत रांग इतकी वाढली की कोळी थकले. "बाई, दोरा पुरत नाही," मुख्य कोळी म्हणाला.

"काहीही करा, दादा, पण आलेल्याची गोष्ट त्याच दिवशी वर गेली पाहिजे. मी तसा शब्द दिला आहे."

"काहीही करू?"

"काहीही!" असे म्हणून ती उडालीसुद्धा.

असेच एक वर्ष गेले. एका सकाळी शेकरूआजी चाचपडत आली. "पोरी, माझी गोष्ट जरा वाचायची होती. धाकटीचा चेहरा आठवतो मला, पण ती काय म्हणाली होती ते काही केल्या आठवेना. ओढ्यावर दोरा सापडला नाही गं मला. माझीच नजर अधू झाली असेल."

साळुंकी ओढ्यावर गेली. दोरा नव्हता. तिथून ती पुढच्या झाडावर गेली, त्याच्या पुढच्या झाडावर गेली. पहिल्या सहा महिन्यांतला एकही दोरा जागेवर नव्हता.

"कोळीदादा! जुने दोरे कुठे गेले?"

"खाल्ले," कोळी सरळपणे म्हणाला.

"खाल्ले?"

"मग? आमची रीतच आहे ती. जुनं जाळं खायचं, त्याचाच नवा दोरा काढायचा. नाहीतर एवढा दोरा आणायचा कुठून? तू म्हणालीस काहीही करा. आणि हे बघ, वर्षभरात एकानेही विचारलं नाही की जुना दोरा कुठे गेला."

साळुंकीने मान खाली घातली. कोळी खोटे बोलत नव्हता. कोळ्यांची रीत जंगलातल्या पिल्लांनाही ठाऊक होती. तिलाही लहानपणी ठाऊक होती. दूर राहून ती विसरली होती, आणि परत आल्यावर तिने कोणाला विचारले नव्हते.

बातमी दुपारच्या आत सगळीकडे पसरली. मुंगूस आले, भेकर आले, तरस तर रडतच आले. कावळा ओरडला, "माझ्या अकराच्या अकरा गेल्या! कायमच्या म्हणे!" कोणी त्या दोऱ्यांवर पुन्हा पाय ठेवला नाही. नवी गोष्ट बांधायलाही कोणी आले नाही. वाऱ्याने उरलेले दोरे तुटले, ते कोणी सांधले नाहीत. आठ दिवसांत 'सर्वांचे जाळे' संपले.

मुलांनो, साळुंकीला तेव्हा उडून जाता आले असते. शहरातली बाग तिला परत घ्यायला तयार होती. पण खाली शेकरूआजी बसली होती, तिच्याकडे वर बघत. "नाही सापडली का गं?" एवढेच ती विचारत होती. रागावलीही नव्हती.

"आजी, चूक माझी आहे," साळुंकी म्हणाली. "तुमची गोष्ट माझ्यासमोर बांधली गेली आणि मी ती ऐकलीच नाही."

मग ती पुन्हा कोळ्याकडे गेली. "दादा, आठवून सांगा. तुम्हीच गाठी मारल्या होत्या."

"आम्ही गाठी मारतो, बाई. गोष्ट आमच्या लक्षात राहत नाही." कोळ्याने डोके खाजवले. "पण थांब. ओढ्यावरचा दोरा खायला गेलो, तेव्हा त्यावर एक गोगलगाय होती. पलीकडे जायला तिला पाण्यातून वाट नव्हती, म्हणून दोऱ्यावरून निघालेली. मी मागून खात येतोय, आणि ही आपली पुढे हलतच नाही! म्हटलं, मावशी, जरा पाय उचला. तर मला म्हणते, 'पायच नाहीत रे बाबा, उचलू काय? आणि थांब, अजून वाचतेय.' चार दिवस थांबवलं तिनं मला."

साळुंकी आणि शेकरूआजी ओढा ओलांडून गेल्या. पलीकडच्या काठावर अळूच्या पानाखाली गोगलगाय बसली होती.

"मावशी," साळुंकी धापा टाकत म्हणाली, "त्या दोऱ्यावरच्या गोष्टी तुम्हाला आठवतात?"

"बावीस होत्या," गोगलगाय सावकाश म्हणाली. "मला भरभर जाता येत नाही ना, म्हणून प्रत्येक गाठ पोटाला लागत गेली. एक शेकरूची होती. तिच्यापाशी मी पूर्ण दिवस थांबले." तिने शिंगे थोडी वर केली. "ही तीच का?"

शेकरूआजीने मान हलवली.

मग गोगलगायीने गोष्ट सांगितली. वणवा लागला होता. आईने दोन पिल्ले एकेक करून ओढ्यापलीकडे नेली आणि तिसऱ्यासाठी ती परत गेली. धाकटी धुराने अर्धमेली झाली होती. आईने तिला तोंडात धरले आणि ती फांद्यांवरून धावत सुटली. पिल्लू वाचले नाही. पण वाटेत ते एकदाच बोलले, "आई, तू घाबरू नकोस. मी डोळे मिटून घेतलेत."

"हो," शेकरूआजी म्हणाली. "हो गं. असंच म्हणाली होती." आणि ती गोगलगायीच्या पाठीवरून, जसा त्या दिवशी गाठींवरून फिरवला होता, तसा हात फिरवत राहिली.

साळुंकी त्या दिवसापासून रोज सकाळी सपाट खडकावर बसू लागली. तिच्याकडे ना दोरा होता ना रांग. ज्याला गोष्ट सांगायची असेल त्याने आधी दुसऱ्या एकाची ऐकायची, एवढा एकच नियम तिने ठेवला. गोगलगायीच्या बावीस गोष्टी मिळाल्या, बाकीच्या कित्येक गेल्या त्या गेल्याच. तरी तरस आले, भेकर आले, आणि आठवेल तेवढे पुन्हा सांगू लागले. एके दिवशी बगळाही आला आणि दोन्ही पायांवर उभा राहून लाजत म्हणाला, "माझीही एक आहे. मला कोणी कधी विचारलंच नाही." ती ऐकायला कावळा बसला. शेवटपर्यंत.

शेकरूआजी आता पुष्कळ विसरते. दर दोन-चार दिवसांनी ती येते आणि विचारते, "पोरी, मला विसरायला हरकत नाही ना?"

"नाही, आजी," साळुंकी तिच्याशेजारी येऊन बसते. "मला पाठ आहे." आणि ती पहिल्यापासून सांगू लागते.

तात्पर्य : गोष्ट जगापुढे मांडली म्हणजे ती टिकली असे नाही, कोणीतरी ती मन लावून ऐकली, तरच ती टिकते. म्हणून दुसऱ्याचा आवाज सगळीकडे पोचवण्याआधी तो स्वतः ऐकावा.