पहिल्या आंघोळीचा मान

गीझर लावायचा म्हटलं की कुमुदताई आधी रबरी चपला घालायच्या. नळ सोडला की बोटांना झिणझिण्या येत, आणि नळाला टेस्टर टेकवला तर तो लाल पेटे. घरमालक शिरगोपीकर मात्र ढिम्म. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी दारातूनच सुनावलं, "वीस वर्षं चाललाय, अजून वीस चालेल. शॉक गीझरमध्ये नाही, तुमच्या मनात आहे. नवा हवा असेल तर दुसरं घर बघा."

कुमुदताईंना दिवाळसणाला आलेल्या जावयाला पहाटे त्याच नळाखाली बसवायचं होतं. त्या आत गेल्या आणि टॉवेल, उटण्याची वाटी घेऊन आल्या.

"उद्या पहिली आंघोळ. मान वडीलधाऱ्यांचा, आणि घर तर तुमचंच," त्या म्हणाल्या. "तेव्हा पहाटे तुम्हीच या. नळ तेवढा स्वतः सोडा, मी लांब उभी राहते."

शिरगोपीकरांनी न्हाणीघराकडे पाहिलं आणि ते एक पायरी खाली उतरले. "मला जरा सर्दी झालीय."

"मालक, सर्दी तुमच्या मनात आहे."

दुकानं बंद व्हायच्या आत नवा गीझर आला. मालकांची सर्दीही तेवढ्यात बरी झाली.