गाळलेलं धृपद

एकदा एका कॉलेजातल्या तरुण प्राध्यापकाच्या मनाने घेतलं, की घराघरांत गायल्या जाणाऱ्या एका ख्यातनाम गीतकाराची गीतं साहित्य म्हणून अभ्यासक्रमात लावायची. त्या गीतांवर त्याचा जीव होता. पण अभ्यासमंडळाचे अध्यक्ष पडले करडे. त्यांनी भर बैठकीत नाक मुरडलं, "तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा घोळवायचे, याला का साहित्य म्हणायचं?" निर्णय पुढल्या बैठकीवर गेला. तिथे नकार आला, की विषय कायमचा गुंडाळला जाणार होता.

गडी इरेला पेटला. त्याने गीतांतले अलंकार हुडकून काढले, वृत्तं जुळवली आणि धृपद एकदाच लिहून पुढे प्रत्येक कडव्याखाली नुसतं 'धृ.' घातलं. म्हणजे पुनरुक्तीचा ठपकाच नको! ते बाड काखोटीला मारून तो आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला.

गुरूंनी अलंकारांची पानं न वाचताच बाजूला सारली. पेन उचललं आणि एका गीतात जिथे जिथे 'धृ.' होतं, तिथे तिथे सबंध ओळ लिहून काढली: 'कडी नको लावूस, आई.' शिष्याला वाटलं, म्हातारपणी सरांना झालंय तरी काय! गुरू एवढंच म्हणाले, की चाल विसर आणि नुसतं वाच.

तो वाचू लागला. पहिल्या कडव्यात पोर खेळायला निघते. कडी नको लावूस, आई. दुसऱ्यात ती सासरी निघते. कडी नको लावूस, आई. तिसऱ्यात ती धावत माहेरी पोचते, तर आईला स्मशानात नेलेलं असतं आणि दाराला बाहेरून कडी असते. पुढची ओळ त्याला वाचवेना.

"एक अक्षर तरी बदललं का?" गुरूंनी विचारलं. "शब्द जागचे हलले नाहीत, आयुष्य पुढे सरकलं, म्हणून ते जड झाले. आणि तू काय केलंस, बाळा? चारचौघं हसतील या भयाने गीताचं काळीज काढून ठेवलंस आणि वर दागिने चढवलेस. ज्याच्यावर आपलं प्रेम आहे, ते दुसऱ्याच्या पसंतीसाठी कापू नये."

शिष्य मनातून ओशाळला. पुढच्या बैठकीत त्याने अलंकारांचं नावही काढलं नाही. गीत तेवढं वाचलं, सबंध. अध्यक्षांनी तो कागद मागून घेतला आणि तिसरं कडवं पुन्हा एकदा वाचलं. मग घसा खाकरून म्हणाले, "पुस्तकात धृपद प्रत्येक कडव्याखाली पूर्ण छापा."