दोन चकत्यांचा गवंडी

पूर्वी शंखपूर नगरावर अरिंजय राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्मला होता आणि लोक त्याला सुमुख म्हणत. त्याचा हातखंडा एकाच कामात होता. डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेल्या माणसाची कवटी उघडायची आणि आत साचलेले रक्त काढायचे. हे तो नारळांवर शिकला. करवंटी गोल कापून निघावी, पण आतल्या खोबऱ्यावर ओरखडाही उठू नये, असा गुरूंचा नियम होता. सात वर्षे तो नारळ कापत राहिला आणि घरचे सात वर्षे खोबरे खात राहिले.

हत्यार सुताराच्या गिरमिटासारखे फिरवायचे, फक्त पोकळ आणि तोंडाशी दाते असलेले. त्याने हाडाची चिंचोक्याहून थोडी मोठी चकती निघे. ती घासून रुग्णाला द्यायची आणि जगला वाचला तर त्याने ती गळ्यात बांधायची, अशी त्या नगराची रीत होती. सुमुखाच्या हातच्या चकत्या बऱ्याच गळ्यांत दिसत. येत्या पौर्णिमेला राजवैद्य नेमला जाणार होता. ते पद सुमुखालाच मिळणार, हे बाजारातल्या भाजीवालीलाही ठाऊक होते.

पौर्णिमेला बारा दिवस उरले असताना पिंगल नावाचा गवंडी तटाच्या भिंतीवरून पडला. डोक्याच्या उजव्या बाजूला जखम होती, श्वास घरघरत होता. त्याची बायको उत्तरा त्याला बैलगाडीतून घेऊन आली. सुमुख जखम पाहत असताना ती म्हणाली, "वैद्यराज, यांचा उजवा हात सकाळपासून लुळा पडलाय. डावा हलतोय."

सुमुखाने ते ऐकले आणि सोडून दिले. घाव तिथे रक्त, असे गुरूंनी शिकवले होते आणि आजवर तसेच घडले होते. त्याने उजवी बाजू उघडली.

आत रक्त नव्हते. मेंदूवरचे पातळ आवरण स्वच्छ होते. तेव्हा त्याला उत्तरेचे बोलणे आठवले. उजवा हात लुळा. आजवर मात्र घाव ज्या बाजूला, त्याच्या उलट बाजूचा हात लुळा पडलेला त्याने पाहिला होता. त्याने पिंगलचे डोके फिरवले आणि जिथे खरचटलेलेही नव्हते त्या डाव्या बाजूला हत्यार टेकवले. चकती सुटताच काळे, गोठलेले रक्त बाहेर आले. थोड्या वेळाने घरघर थांबली.

मदतीला भद्रक नावाचा वैद्य होता, सुमुखाचा गुरुबंधू. हात धुताना तो हळूच म्हणाला, "सुटलास. आता सांग, दोन्हीकडे रक्त होतं म्हणून. एका डोक्यात दोन दारं उघडणारा वैद्य या नगरात झाला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तसं सांगितलं तर उद्या तूही दोन्हीकडे उघडशील," सुमुख म्हणाला. "तुझे शिष्यही उघडतील. माझी चूक शास्त्र होऊन बसेल, आणि भोकं दुसऱ्यांच्या डोक्याला पडतील."

तो बाहेर गेला. उत्तरा ओट्यावर बसली होती. त्याने दोन्ही चकत्या तिच्या हातावर ठेवल्या. "ही गरजेची होती. ही माझ्या चुकीची. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. त्यात वेळ गेला."

पिंगल जगला. आठव्या दिवशी तो काठीवर चालू लागला, पण उजव्या हातात थापी धरायचे बळ परत आले नाही. गवंड्याचा हात गेला म्हणजे घरातली चूल अर्धी विझली. उत्तरा सुमुखाच्या दारात उभी राहिली आणि मनात होते ते सगळे बोलली. त्याने मान खाली घालून ऐकून घेतले. शेवटी ती दमून म्हणाली, "तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मला तुम्हाला बोलता आलं. नाहीतर मी जन्मभर देवालाच बोल लावला असता."

पौर्णिमेच्या सभेला पिंगल आणि उत्तरा आले होते. राजाने पिंगलला पाहिले आणि विचारले, "एकाच गळ्यात दोन चकत्या कशा?" सुमुखाने भर सभेत सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाला, "महाराज, हात लुळा असेल त्याच्या विरुद्ध बाजूचीही शंका धरावी. हे मला या बाईने शिकवले." राजवैद्यपद भद्रकाला मिळाले. तोही काही वाईट वैद्य नव्हता.

तीन वर्षांनी राजाच घोड्यावरून पडला. जखम डावीकडे होती, आणि हातही डावाच लुळा होता. भद्रकाने हत्यार उचलले, क्षणभर थांबला आणि उजवी बाजू उघडली. राजाच्या गळ्यात एकच चकती आली. सुमुख तेव्हा पिंगलच्या अंगणात बसून त्याला डाव्या हाताने थापी चालवायला शिकवीत होता. रोज सकाळी तो तिथे जाई.

ही कथा तथागतांनी विहारात सांगितली. एका वृद्ध भिक्षूला तीन दिवस ओकाऱ्या होत होत्या आणि कारण कुणाला कळत नव्हते. शेजारी वारण नावाचा भिक्षू बसला होता, ज्याच्याकडे काढ्यांचे काम होते. तथागत म्हणाले, "तेव्हाचा गवंडी म्हणजे हा आजारी भिक्षू. उत्तरा म्हणजे त्याची शुश्रूषा करणारी उपासिका. भद्रक म्हणजे वारण. आणि सुमुख वैद्य मीच होतो."

वारण उठून उभा राहिला. "काढ्यात मुळी चुकीची पडली," तो म्हणाला. "माझ्याच हातून. कोणती, ते मला ठाऊक आहे."

त्या मुळीवरचा उतारा लगेच उकळायला ठेवला गेला. ही सत्यपारमितेची, म्हणजे सत्याच्या पूर्णत्वाची, कथा आहे.