सारजाचं रोजचं खोटं

या गोष्टीचा शेवट ओळखता का कुणी? ओळखलात तर माझ्या डब्यातली गूळपापडी तुमची. दौल्या, तुझ्याच्यानं व्हायचं नाही.

एकदा काय झालं, नदीकाठच्या गावात एक पोर जन्मली, सारजा. पाचवीला पाटावर कोरा कागद नि लेखणी मांडली. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, बरं का. सारजाची मावशी कणगीमागं लपून बसली. सटवाईला पुटपुटत लिहायची खोड, माझ्यासारखीच. मावशीनं ऐकलं, ही पोर रोज एक खोटं बोलणार.

मग सारजा बोलायला लागली. म्हणाली, पाटलाचा रेडा सुटला. आख्खी आळी झाडावर चढली. मग म्हणाली, मामा येतोय. आईनं पुरण घातलं, मामाचा पत्ता नाही. मग म्हणाली, विहिरीत मांजर मेलंय. गाव दोन दिवस तहानलं. पंच चिडले. म्हणाले, उद्या हिनं कुणाला फसवलं तर वेशीबाहेर काढू. आई रडरड रडली.

सारजा तडक नदीवर गेली, सटवाईच्या शेंदऱ्या दगडापाशी. म्हणाली, पूस माझ्या कपाळावरचं. सटवाई म्हणाली, लिहिलेलं मलासुद्धा पुसता येत नाही.

“मग नीट वाच. कुणाला सांगायचं, कशासाठी सांगायचं, ते लिहिलंयस का गं?”

सटवाईनं वाकून पाहिलं. डोकं खाजवलं. “नाही बाई. कपाळ तुझं एवढुसं. जागाच नव्हती.”

“मग ते माझ्या हातात.”

“असू दे. पण सारजे, फुकट नाही हं मिळायचं.”

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सारजानं पारावर पोरं जमवली. आधीच बजावलं, आता मी खोटं सांगणार हं. मग उडत्या म्हशीचं सांगितलं. पोरं खिदळली. मग पंच आले, हाकलायला आले नि ऐकत बसले. घरी जायचंच विसरले. खोटं तर झालं, पण फसलं कुणीच नाही. मग काढतंय कोण वेशीबाहेर? सारजा गावातच राहिली, लेकरंबाळं झाली, सगळे सुखात नांदले. चला, डोळे मिटा.

काय म्हणालास, फुकट नाही म्हणजे काय? ते राहिलंच की.

सारजा आता म्हातारी झालीय. परवा सुनेला म्हणाली, गुडघा ठणकतोय गं. सून हसली. म्हणाली, आत्याबाई, मग पुढं काय झालं?

हसतोस काय, दौल्या. गूळपापडी नाही मिळायची तुला. इकडं ये, जरा गुडघा चेप. खरंच ठणकतोय.