पहिल्या घंटेला आत

फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची, तेही सांगतो. टेकडीवरच्या दोर वळणाऱ्यांच्या गावात ख्रिस्ताचे मंदिर उभे राहिले, त्याला त्या साली तेविसावे वर्ष लागले होते. स्वाती नक्षत्र सरून विशाखा लागले होते. अंबाडी भिजवून, सोलून, वाळत पडली होती आणि नाताळ सहा आठवड्यांवर आला होता. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर ऐकावीच.

त्या गावात तीन आळ्या होत्या आणि तिन्ही आळ्यांचा धंदा एकच, दोर वळण्याचा. कामावर शब्द चाले तो यिर्मयाचा. लोक त्याला नाईक म्हणत. हात पक्का, नजर पक्की, मान ताठ. ती मान कोणापुढे वाकलेली गावाने पाहिली नव्हती.

मंदिरात उपासना सुरू करण्याची एक रीत होती. पहिली घंटा झाली की माणसे आत येऊन उभी राहत. बसायचे नाही. पाळक विचारी, "देवाच्या घरात कोण आले आहे?" लोक म्हणत, "आम्ही आलो आहोत." मग सगळे गप्प. आठवड्यात आपल्या हातून काय चुकले, ते ज्याने त्याने मनातल्या मनात देवापुढे ठेवायचे. त्यानंतर सलाम. ज्याच्याशी बिनसले असेल त्याच्यापुढे जायचे, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरायचा आणि सलाम म्हणायचे. बोलण्यासारखे असेल तर तिथेच बोलायचे. शेवटच्या माणसाचा सलाम होईपर्यंत गीत सुरू होत नसे. कधी हे झटक्यात उरके. कधी एखादी सासू आणि सून अडून उभ्या राहत, आणि गावाचे पाय दुखून येत.

दुसरी घंटा प्रवचनाआधी होई, शेतात राखणीला गेलेल्यांसाठी. यिर्मयाचे शेत नव्हते, तरी तो दुसऱ्या घंटेला येई. गेले आठ महिने हेच चालले होते.

त्याची बायको रिबका त्याला म्हणाली, "देवाला भेटायला जाता की जेवायला? ताट वाढल्याशिवाय पाटावर बसायचे नाही, असे चालले आहे तुमचे."

"प्रवचन मला शब्दन् शब्द पाठ असते. विचार काय विचारायचे ते."

"पाठ तर पोपटालाही असते," रिबका म्हणाली आणि चुलीकडे वळली.

तो पहिल्या घंटेला का जात नव्हता, ते तिला ठाऊक होते. गावालाही ठाऊक होते.

दोराचे काम एकट्याचे नाही. आज तुम्ही माझ्या दोरावर राबा, उद्या मी तुमच्या दोरावर राबतो. ह्याला सावड म्हणतात. ती कोणी लिहून ठेवत नाही. न लिहिता फेडायची, त्यातच माणसाची पत. आदल्या उन्हाळ्यात यिर्मयाचा खांदा निखळला, तेव्हा खालच्या आळीचा गेनबा त्याच्या अंगणात येऊन राबला. दोराची दोन टोके धरणारी माणसे गावात दोनच होती, हा आणि तो. दोर पुरा झाला तेव्हा गेनबा चार माणसांत म्हणाला, "नाईक, आता ह्याला दोर म्हणायला हरकत नाही." माणसे हसली. गेनबाही हसला.

आजवरचे आपले दोर दोरच नव्हते, असेच यिर्मयाला त्यात ऐकू आले. तो हसला नाही. गेनबाच्या विहिरीच्या दोराची वेळ आली तेव्हा तो गेलाच नाही. भिजवलेली अंबाडी हातांवाचून कुजली. गेनबाने त्याला ना बोलावले, ना एका शब्दाने विचारले, आणि हे न विचारणेच यिर्मयाला सर्वांत जास्त सलत होते.

तर त्या विशाखात मोठ्या नदीचा नावाडी टेकडी चढून आला. त्याची नाव दोराला धरून ह्या तीरावरून त्या तीरावर जाई. जुना दोर विरला होता.

"नाताळच्या आदल्या दिवशी नवा दोर नदीवर पाहिजे," नावाडी म्हणाला. "नाही आला तर खोऱ्यातल्या गावाला काम देईन. एकदा दिले की त्यांचेच."

"येईल," यिर्मया म्हणाला. एवढेच बोलला. गावाचे पोट त्या नदीवर होते, आणि आता शब्द त्याने दिला होता.

त्याच संध्याकाळी तो पाळकाकडे गेला. तिन्ही आळ्यांचे वडील तिथे होते.

"काम अवजड आहे," यिर्मया म्हणाला. "रविवारी तरी माणसांना अंग टाकायला मिळू दे. ती सुरुवात कापा. गीत, वाचन, प्रवचन, आशीर्वाद, की घरी. दाणा तेवढा ठेवा, भूस काढा."

वडिलांनी माना हलवल्या. तिघांनाही कोणाला ना कोणाला टाळायचे होते.

पाळक किडकिडीत माणूस होता, आवाजही बारीक. तो म्हणाला, "नाईक, दारातून आत येतात ते तुमचे पाय. बाकीचा माणूस मागे बांधावर भांडत उभा असतो. त्याला हाक मारून आत आणायला वेळ लागतो. त्यासाठी ती सुरुवात."

"नाताळपर्यंत राहू दे त्याला बांधावर."

"मी कोणाचे मानगूट धरून देवापुढे उभे करणार नाही," पाळक म्हणाला. "नाताळपर्यंत नाही घेणार. काय होते ते तुम्हीच बघा."

पहिल्या रविवारी माणसे खूश. भाकऱ्या व्हायच्या आत घरी. "नाईकाने बरे केले," लोक म्हणाले.

दुसऱ्या रविवारी वरच्या आळीतल्या दोघी पाणवठ्यावरच्या धुण्याच्या दगडावरून भांडलेल्या होत्या. एरवी सलामाला दोघी रडल्या असत्या आणि मिटले असते. आता एक डावीकडे बसली, दुसरी उजवीकडे. तिसऱ्या रविवारी मधल्या आणि खालच्या आळीचे अंबाडी भिजवायच्या डोहावरून फिसकटले. चौथ्या रविवारी पाळकाने क्षमेवर प्रवचन केले. लोकांनी चांगल्या माना डोलावल्या आणि तीन आळ्यांची माणसे तीन वाटांनी घरी गेली. आरडाओरडा कुठे नव्हता. आरडाओरडा असता तर बरे झाले असते.

यिर्मयाला ते प्रवचनही शब्दन् शब्द पाठ झाले.

मोठ्या दोराला तीन पेड असतात. त्या गावात एकेक पेड एकेका आळीचा. मग एका दिवशी तिन्ही पेड ताणून, एकत्र पीळ देऊन, त्यांचा एक दोर करायचा. एका टोकाचा माणूस "हो!" म्हणतो, दुसऱ्या टोकाचा "हो!" म्हणून उत्तर देतो, आणि त्या हाकेवर तिन्ही पेडांची माणसे सारखी ओढ घेतात. एका टोकाला यिर्मया होता. दुसऱ्या टोकाला गेनबाला बोलवायचे सोडून त्याने आपल्या मेहुण्याला उभे केले होते. मेहुणा "हो!" म्हणायचा, पण ऐकतो कोण? प्रत्येक आळी आपल्याच माणसाच्या तोंडाकडे बघून ओढत होती.

दोर झाला. दिसायला देखणा झाला. शुक्रवारी त्याची कसोटी. एक टोक चिंचेच्या बुंध्याला बांधले, दुसरे बैलांच्या दोन जोड्यांना. बैलांनी जोर लावला आणि मधल्या आळीचा पेड तुटला. बाकीचे दोन सैल होऊन लोंबले.

"मधल्यांची अंबाडीच कच्ची," खालची आळी ओरडली.

"तुम्ही ओढ कुठे घेत होता? आमच्याच जिवावर सगळा भार!"

"नाईकाच्या मेहुण्याला विचारा. घसा बसला बिचाऱ्याचा, टोकाला उभा होता की लग्नात?"

 तुटलेले टोक हातात घेऊन यिर्मया चिंचेखाली बसला. अंबाडी कच्ची नव्हती. पेडही चांगले होते. तिन्ही पेडांना ओढ मात्र तीन तऱ्हेची होती, म्हणून सगळा भार एकावर आला. हे असे का झाले, ते शोधत तो दिवसामागे दिवस मोजत गेला, आणि ज्या संध्याकाळी त्याने पाळकाकडे जाऊन सुरुवात कापायला सांगितली तिथे येऊन थांबला. आठवड्याचे बिनसलेले आठवड्यातच संपवणारी एक जागा गावात होती. ती त्याने स्वतःच्या सोयीसाठी बंद करून टाकली होती.

तो उठला आणि तसाच पाळकाच्या दारात गेला.

"सलाम, पाळकसाहेब. परवापासून सुरुवात घ्या."

"सलाम, नाईक. घेतो. तुम्ही कितव्या घंटेला आत येणार?"

"कितव्या म्हणजे?"

"गावाने पहिल्या घंटेला यायचे आणि सुरुवात मागणाऱ्याने दुसऱ्या, असे मला जमणार नाही."

"येतो," यिर्मया म्हणाला. त्या रात्री तो जेवला नाही. रिबकाने आग्रह केला नाही.

रविवारी पहिल्या घंटेला तो आत होता. नाताळला बारा दिवस राहिले होते आणि आळ्यांची अंबाडी उरली होती ती नदीच्या एकाच दोरापुरती.

"देवाच्या घरात कोण आले आहे?" पाळकाने विचारले.

"आम्ही आलो आहोत," लोक म्हणाले. यिर्मयाचे ओठ हलले. आवाज आला नाही.

मग सगळे गप्प झाले. त्या गप्प होण्यात काय असते, ते तो आठ महिन्यांत विसरला होता. आधी बैल आठवले, मग नावाडी, मग गेनबाच्या अंगणात कुजलेली अंबाडी. ती नजरेसमोर येऊन राहिली, हलेना.

सलाम सुरू झाला. वरच्या आळीतल्या दोघींनी एकमेकींना धरले. डोहाचे भांडण चार शब्दांत मिटले. इतके दिवस कशाला लागले होते, कोणालाच सांगता आले नसते. हळूहळू सगळे आपल्या जागी आले. यिर्मया मात्र हलला नव्हता. मंदिराच्या दुसऱ्या बाजूला गेनबाही हलला नव्हता.

पाळकाने गीत सुरू केले नाही. तो उभाच राहिला. कोणीतरी खोकले. एक पोर आईचा पदर ओढू लागले. मागच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, "आज जेवण इथेच आणायचे का, पाळकसाहेब?" कोणी हसले नाही.

यिर्मया निघाला. वीस पावले असतील. मोट ओढल्यासारखी त्याने ती ओढली. गेनबापुढे येऊन त्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"सलाम. माझ्यावर तुझी चार दिवसांची सावड आहे. मी बुडवली."

"पाच," गेनबा म्हणाला.

"चार."

"पाच. पाऊस होता तो दिवस धर. वळचणीला बसून पेड विंचरत होतो मी."

 सारे गाव ऐकत होते. "पाच," यिर्मया म्हणाला.

"बरे. सलाम. तुझा नदीचा दोर होऊ दे, मग फेड. मला आता घाई नाही."

"नाही. उद्यापासून."

"वेडा का काय तू? दिवस किती राहिले?"

"दोर झाला की मी पुन्हा नाईक होईन, गेनबा. मग येणार नाही. मी मला ओळखतो."

गेनबाने त्याच्याकडे नीट बघितले आणि मान हलवली. मान हलवली तशी पाळकाने गीत उचलले. त्या दिवशी प्रवचन झाले, ते यिर्मयाला पाठ झाले नाही. घरी येऊन रिबकाने विचारले तर त्याला दोनच वाक्ये सांगता आली. पण ती दोन त्याने तिच्याकडे बघून सांगितली.

नदीच्या दोराचे काय झाले ते आताच सांगतो, म्हणजे मध्ये विचारू नका. यिर्मया पाच दिवस गेनबाकडे, तोवर तिन्ही आळ्यांनी आपापले पेड नव्याने तयार केले, एकमेकांच्या अंगणात जाऊन जाडी ताडून पाहिली. मग राहिले चार दिवस. एका टोकाला यिर्मया, दुसऱ्या टोकाला गेनबा. एक हाक, एक उत्तर, सगळ्यांची एक ओढ. सहा दिवसांचे काम चौथ्या संध्याकाळी झाले आणि बैलांच्या दोन जोड्यांना ते तोडता आले नाही. नाताळच्या आदल्या दिवशी नावाड्याने दोर तीरावर बांधून घेतला. मंदिरातली सुरुवात त्यानंतर कोणी कापू म्हणाले नाही.

पण तो दोर होण्याआधीचे ते पाच दिवस. यिर्मया सकाळी गेनबाच्या अंगणात जाई, चपला दाराशी काढी, आणि गेनबाच्या घरच्या अंबाडीतून विहिरीच्या दोराला लागे. गावचा नाईक पोरासोरांसमोर दुसऱ्याचे पेड धरून उन्हात उभा राहिला. येणारेजाणारे बघत. काहींनी चिमटे काढले, तेही त्याने ऐकून घेतले. भाकरी तो स्वतःची बांधून नेई, कारण सावड फेडणाऱ्याने समोरच्याचे खायचे नाही, अशी तिथली रीत होती. पाचव्या दिवशी ऊन उतरल्यावर दोराच्या शेवटाला गाठ पडली. गेनबाने दोर हाताने चाचपून पाहिला आणि गुंडाळून खांद्यावर टाकला. यिर्मयाने हात झटकले. सावड फिटली. 

देवाचे ऐकायला बसण्याआधी माणसाने आपले बिघडलेले नीट करून पुरते आत यावे. उपासनेची सुरुवात त्यासाठीच असते.