तिठ्यावरचा बाण

"…आणि मग सगळे बाण बुवांनीच पुसले म्हणे? इथपासून पार गडापर्यंतचे?"

"तर काय. त्या पोरीचं चांगलं झालेलं बघवत नाही त्यांना. हातात विळा घेऊन म्हणे भल्या पहाटे…"

तेवढ्यात गिरणी सुरू झाली आणि पुढचं सगळं पट्ट्याच्या आवाजात गेलं.

मी पुढं सरकून कान दिला, पण दोघींचे नुसते ओठ हलताना दिसत होते. दळण झाल्यावरही मी उगीच रेंगाळले. तोवर त्यांचं बोलणं कुणाच्या तरी म्हशीवर गेलं होतं.

पिठाचा डबा डोक्यावर घेऊन मी घराकडे निघाले ती तणतणतच.

भैरवगीर बुवा आमचे शेजारी. घाटमाथ्यावर त्यांचा मठ, मठाला लागून माझं घर, मध्ये कुडाची एक भिंत. मठात कोण आलं, काय बोललं, कशाला आलं, हे मला कळतं. विचारावं लागत नाही. आणि एवढी मोठी गोष्ट मला गिरणीत कळावी?

शिवाय रागही आला. बुवा आणि कुणाचं बघवत नाही?

बाण म्हणजे शर्वरीचे बाण.

ही पुण्याची पोरगी. बुवांच्या मागं मागं हिंडून डोंगराची वाट शिकली. त्यांना गुरू म्हणायची, येता-जाता पाया पडायची. आता लोकांना घेऊन येते. डोंगरमाथ्यानं काही दिवस चालायचं, वाटेत राहायचं, मग आमचा उंबर्डी घाट उतरून खाली सायकली घ्यायच्या आणि समुद्र गाठायचा. सायकली टेम्पोतून आधीच पायथ्याशी येतात. ज्याच्या-त्याच्या उंचीप्रमाणे सीट पुण्यातच लावलेली असते. सगळं कसं व्यवस्थित. येणारी माणसंही हसतमुख, नमस्कार करणारी.

जिथं जिथं वाट फुटते तिथं तिथं तिनं दगडावर पांढरा बाण काढला, कुणी चुकू नये म्हणून. मला तर आवडले होते ते बाण. कोरे, ठसठशीत.

आमच्या वाटेची रीत मात्र जुनी. बाया ओझी घेऊन बाजाराला निघाल्या की तिठ्यावर पुढचीनं थांबायचं. मागचीचं तोंड दिसलं की मगच पाय उचलायचा. तिनं पुन्हा तिच्या मागचीसाठी थांबायचं. बुवांनी शर्वरीला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. भिंतीआडून ऐकलंय मी.

घरी आले तर मठाच्या आतल्या खोलीत चटईवर एक गृहस्थ आडवे. साठीच्या पुढचे, उंचेपुरे. घोटा भोपळ्यासारखा सुजलेला. बुवांनी त्यांना खांद्याचा आधार देऊन आणलं होतं.

देवस्थळी त्यांचं नाव. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. शर्वरीबरोबर आलेले. तिठ्याच्या अलीकडं कोरड्या ओहोळात पाय घसरला. पुढचे पुढं गेले होते, मागं कुणी नव्हतं. फोन करावा तर आमच्या माथ्यावर रेंज नाही.

मी आंबेहळद उगाळून गरम केली आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. लेप लावताना त्यांनी हूं की चूं केलं नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते. कुणी शोधत आलं का?

"येतील," बुवा म्हणाले.

दाराला जुन्या धोतराचा पडदा. त्याच्या फटीतून देवस्थळी रस्त्याकडं बघत राहिले.

मी हळूच बुवांकडं विषय काढला. म्हटलं, गिरणीत काहीबाही बोलतायत. बाणांचं.

"हळद गार होतेय," बुवा म्हणाले आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसले.

थोड्या वेळानं सायकलची घंटी वाजली.

शर्वरी. घाटरस्ता चढून आलेली, हेल्मेट डोक्यावरच, तोंड लालबुंद. तिचा आवाज ऐकला आणि देवस्थळींचा चेहरा असा उजळला म्हणता. ते हाताच्या कोपरावर उठू लागले. म्हणाले, बघा, आली की नाही.

बुवांनी पडद्याआड हात घातला आणि तळवा त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"थांबा. काय विचारते ते ऐकू."

शर्वरीनं सायकल अंगणातल्या आवळीला टेकवली. पाया पडली नाही.

"बाण कुणी पुसला?"

"बस. पाणी घे."

"पाणी नकोय. बाण कुणी पुसला?"

…

मग ती जी बोलत सुटली ती सुटलीच. तिठ्यावर माणसं खोळंबली. एक जण इकडं, एक जण तिकडं, खाली येईतो सगळ्यांची तोंडं आंबट. टेम्पोवाला कुरकुर करून निघूनही गेला. ऊन उतरायच्या आत पुढचा मुक्काम गाठायचा तर आता होत नाही. खाली चहाच्या टपरीवर तर कुणी सांगितलं की सगळेच बाण गेले, गडापर्यंतचे. एकेक दगड घासून पुसून तिनं ते काढले होते, हाताला फोड आले होते. आणि कुणाला तरी ते खुपलं.

तिच्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा होता. वर ब्रश बांधलेला. तेवढ्यासाठी ती घाट चढून आली होती.

माझ्या मांडीवरचा पाय जड झाला.

मी देवस्थळींकडं पाहिलं. ते अजून फटीतून बघत होते, पण चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू विझत चाललं होतं. ती आणखी बोलत राहिली. आता विचारेल, मग विचारेल, असं मलाही वाटत राहिलं. ती मेहनतीचं बोलली, नावाचं बोलली, पुढच्या महिन्यातल्या ग्रुपचं बोलली.

मला राहवेना. मी तोंड उघडलं. बुवांनी मागं न बघता हात वर केला.

मी तोंड मिटलं. माझ्यासारखीला ते किती जड जातं ते माझं मला ठाऊक.

"मी पुसला," बुवा म्हणाले.

ती थबकली.

"तुम्ही?"

"विळ्याच्या पाठीनं खरवडला."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे आहेत तिथंच आहेत. एकच पुसला. तिठ्यावरचा."

"तुम्ही मला वाट शिकवली, बुवा. आणि तुम्हीच…" तिचा आवाज चिरकला. "का?"

बुवा तिच्याकडं बघत नव्हते. ते आवळीकडं बघत होते.

"ती सायकल कुणाची?"

"काय?"

"आलीस ती."

"ग्रुपची आहे. खाली एक उरली होती, ती घेऊन आले. बुवा, मी काहीतरी विचारतेय."

"सीट उंच आहे."

"हो, आहे. पाय पुरत नव्हते. अख्खा घाट टाचा उचलून चालवलीय. विषय बदलू नका."

"अख्खा घाट पाय पुरले नाहीत."

"तेच सांगतेय ना मी."

"हं…"

बुवा पुन्हा आवळीकडं बघू लागले.

शर्वरीनं रागानं मान वळवून सायकलकडं पाहिलं. पुन्हा बुवांकडं. मग परत सायकलकडं, आणि या वेळी नजर तिथंच राहिली.

ती चालत आवळीपाशी गेली. सीटवर हात ठेवला. सीट तिच्या कमरेच्याही वर येत होती.

"सगळ्यांच्या सीट मी स्वतः…" ती म्हणाली.

…

"देवस्थळी काका."

आत देवस्थळींनी ओ दिली नाही. ते भिंतीकडं तोंड करून वळले.

"कुठे आहेत ते? बुवा… कुठे आहेत?"

आणि तेव्हा बुवा उठले. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतेय, पण बुवांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. कुडाचा शेण-मातीचा पोपडा गळून पडेल असं वाटलं.

म्हणाले, बाण दिसला की तिठ्यावर कुणी थांबेना, म्हणून पुसला. आणि पुसून ते काही घरी येऊन झोपले नव्हते. सकाळपासून तिठ्यावर दगडावर बसून होते. एकेक जण आला, बाण दिसेना म्हणून थांबला, वाट विचारली. बुवांनी वाट सांगितली, आणि प्रत्येकाला एक विचारलं, तुमच्या मागं कोण आहे? एक म्हणाला, बघितलं नाही. एक म्हणाला, असेल कुणीतरी. एकीनं कानातलं गाणं काढून पुन्हा विचारायला लावलं. एक म्हणाला, मॅडम पुढं गेल्यात, त्यांना विचारा. सगळ्यांत शेवटी आला तो म्हणाला, मीच शेवटचा.

"आणि त्याच्या मागचा माणूस ओहोळातून हाका मारत होता," बुवा म्हणाले. "मी तिथं होतो म्हणून मला ऐकू आल्या. बाण असता, तर मीही घरी असतो."

शर्वरीचं तोंड पांढरं पडलं. पण राग तिचाही होताच, तो असा थोडाच जातो. ती म्हणाली, मग आल्या आल्या सांगायचं होतं. इतका वेळ मला बोलू दिलंत.

"तू काय विचारत होतीस?"

…

ती पडदा बाजूला करून आत आली. मला पाहून दचकली. माझ्या डोळ्यांत तिला काय दिसलं असेल ते असो, मी लपवलं मात्र नाही.

"काका."

"आधी बाण काढून ये," देवस्थळी भिंतीला म्हणाले.

"काका, मला ऐकू नाही आलं."

"कसं येणार. तू पुढं होतीस."

ती उभीच राहिली. देवस्थळी तसेच भिंतीशी बोलत राहिले. तुझं नाव घेऊन ओरडत होतो, म्हणाले. मग वाटलं, म्हाताऱ्यानं कशाला यायचं असल्या ठिकाणी, घरच्यांनी सांगितलंच होतं. पण बायको गेल्यापासून पहिल्यांदाच कुठंतरी निघालो होतो. आता माझं काही नाही. उद्याच्या एस.टी.नं मी जातो. तुम्ही समुद्र बघून या.

शर्वरी खाली बसली.

मला वाटलं, रडेल. रडली असती तर मला बरं वाटलं असतं, मी तिला जवळ घेतलं असतं. ती रडली नाही. तिनं हेल्मेट काढून बाजूला ठेवलं, माझ्या हातातली हळदीची वाटी घेतली आणि त्यांचा पाय उचलून आपल्या मांडीवर घ्यायला गेली.

देवस्थळींनी पाय ओढून घेतला.

ती वाटी हातात धरून बसून राहिली.

मी उठले. माझ्या चुलीवर चहाचं आधण ठेवलं, भांडी जरा जास्तच आपटली. चहा दिला, कारण दारी आलेल्याला देतात. पण आलं घातलं नाही. तेवढं तरी तिला कळायला हवं होतं.

चहा घेऊन परत आले तर हळद गार झाली होती आणि ती तशीच बसली होती. मी तिच्या हातून वाटी घेतली, गरम करून आणून दिली. बोलले काही नाही. बुवा ओसरीवर पाठमोरे बसलेले.

चहा निवला. त्यावर साय धरली.

मग देवस्थळींनी भिंतीकडचं तोंड न वळवता पाय थोडा लांब केला. इतकाच, की तिच्या गुडघ्याला लागावा.

तिनं लेप लावला. दाबून लावला की काय कोण जाणे, देवस्थळी पहिल्यांदाच कळवळले.

"दुखतंय?"

"दुखतंय तर."

"एस.टी. उद्या नाही जात हो काका," मी म्हटलं. मला राहवलंच नाही. "उद्या एस.टी.ला सुट्टी."

कसली सुट्टी नव्हती. पण बुवांनी या वेळी हात वर केला नाही.

ऊन कलल्यावर ती दोघं निघाली. शर्वरीनं देवस्थळींना सायकलवर बसवलं. ते नीट बसले, सीट त्यांचीच. दुखरा पाय सोडलेला, चांगला पाय जमिनीला टेकलेला. ती हँडल धरून शेजारी पायी. घाटभर अशीच ब्रेक दाबत, धरून उतरवणार होती त्यांना. म्हणजे खाली पोचेतो अंधार. खालच्या लोकांना तोवर बसून राहावं लागणार होतं आणि त्यांची तोंडं अजून आंबट होणार होती. होऊ देत.

देवस्थळी अजून तिच्याशी सरळ बोलत नव्हते. हळू घे, एवढंच म्हणाले.

रंगाचा डबा ओसरीवर राहिला होता. मी तो उचलून तिच्या हातात दिला आणि मनात म्हटलं, चला, गिरणीतल्या बायांना आता सांगायला हवं. बुवांनी पुसला हे खरं, विळाही खरा. पण एका बाणाचे गडापर्यंत बाण झाले ते तुमच्या जात्यात. आणि बघवत नव्हतं म्हणता, तर तेही खरंच, पण काय बघवत नव्हतं ते तुम्ही कुठं विचारलंत?

शर्वरी अंगणाच्या टोकाशी थांबली. एका हातात हँडल, एका हातात डबा.

"बुवा… तिठ्यावरचा बाण. उद्या येऊन पुन्हा काढू का?"

मला वाटलं, आता परत आवाज चढणार. मी पदर सावरून तयारच राहिले.

बुवांनी सायकलवरच्या देवस्थळींकडं पाहिलं. आवळीची दोन पानं खाली पडली…

"काढ," ते म्हणाले. "मागं दाखवणारा काढ."