येसूमावशीची होडी

या, सरका जरा. रेवा, पाय आवर, पोटात रुततायत माझ्या. हं, तर एक होती होडी. राजा? आहे की राजाही! येईल मागून, त्याला कसली घाई?

होडी होती येसूमावशीची. शेंदरी नदीवर ती माणसांना अलीकडून पलीकडे न्यायची. होडीचं लाकूड उंबराचं, आणि तो उंबर होता बोलका, बरं का! वादळात पडला तेव्हा येसूमावशीच्या वडिलांना म्हणाला, "माझी होडी कर. अख्खं गाव बसव, मी नेईन. पण मनात लपवलेलं मला पेलवत नाही. जो बसेल त्याला आधी विचार, कसं काय? त्यानं खरं सांगितलं, की मार वल्हं."

मग तशी रीतच पडली. येसूमावशी विचारायची, "कसं काय?" कुणी म्हणायचं, "दाढ ठणकतेय गं." कुणी म्हणायचं, "सासूशी भांडून आलेय." कुणी म्हणायचं, "आमची म्हैस व्याली, आज लई खूश आहे!" काही का असेना, खरं असलं की होडी सुळकन पलीकडे.

आता आला बघा राजा. त्याची राणी देवाघरी गेली होती. मग जो तो विचारायचा, "महाराज, कसं काय?" की राजाचे डोळे भरून यायचे. राजासारखा राजा, लोकांसमोर रडायचं कसं? मग त्यानं काय केलं? दवंडी पिटली! "ढुम ढुम ढुमाक! ऐका हो ऐका! कुणी कुणाला कसं काय विचारलं, तर सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं. मजेत!" शहाणाच की नाही?

झालं! दाढ सुजलेला म्हणतो मजेत. भांडून आलेली म्हणते मजेत. आणि होडी लागली जड व्हायला. लोक म्हणाले, गळते ही. बुडाला राळ लावली. तरी जड! मग आणखी राळ लावली. तरी जड! तिसऱ्यांदा तर आतून-बाहेरून लावली. अरे, भोक असेल तर बुजेल ना! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! येसूमावशी सांगून थकली, पण दवंडीपुढे तिचं कोण ऐकतो?

मग एकदा काय झालं! राजाची मुलगी केतकी, सहा वर्षांची, तुमच्यासारखीच एक नंबरची उपद्व्यापी. नदीच्या मधोमध एक बेट होतं, त्यावर जांभळं पिकली होती. बेटाच्या अलीकडच्या बाजूला पाणी घोट्याएवढं. ही गेली चालत, आणि चढली झाडावर. तेवढ्यात वर डोंगरात धो धो पाऊस पडला, आणि नदीला हा लोंढा आला! बेट निम्मं बुडालं. बाकीच्या होड्या वाहून गेल्या. उरली एकच. कुणाची? शाब्बास, येसूमावशीची!

राजा पळत आला. पागोटं कुठं, जोडा कुठं! होडीत उडी मारली. येसूमावशीनं विचारलं, "महाराज, कसं काय?" सवयीनं राजाच्या तोंडून गेलं, "मजेत!" धप्प! होडी वाळूत रुतली.

प्रधान म्हणाला, "महाराज उतरा, मी जातो." तो बसला. कसं काय? "मजेत!" लटलट कापत होता मेला, आणि म्हणे मजेत! होडी आणखी रुतली.

तिकडे पाणी केतकीच्या फांदीला लागलं. मग येसूमावशी ओरडली, "महाराज, दवंडी गेली खड्ड्यात! पोर पाहिजे ना? मग खरं बोला!"

प्रधानाला उतरवून राजा पुन्हा होडीत बसला. म्हणाला, "बरं नाही, मावशी. राणी गेल्यापासून एकदाही रडलो नाही. आणि आता माझी पोरगी... मला फार भीती वाटते." आणि हुंदके देऊन रडला.

सर्रकन होडी सुटली! मार वल्हं, मार वल्हं! लाटा केवढ्या, ओंडके केवढे! अर्ध्यावर आले मात्र, आणि होडी पुन्हा बसायला लागली. पाणी आत शिरलं! राजा म्हणाला, "मी तर सगळं खरं सांगितलं. मग?"

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं येसूमावशी सगळ्यांना विचारायची. तिला कुणी विचारलं होतं? कुण्णीच नाही! राजा म्हणाला, "मावशी, तुमचं कसं काय?"

"माझं काय मेलं, बरंच आहे," असं ती म्हणाली, आणि भस्सकन आणखी पाणी आत!

"मावशी!"

"सांगते, सांगते! खांदा धरलाय महिनाभर. वल्हं उचलताना जीव जातो. आणि संध्याकाळी घरी गेलं, की बोलायला कुणी नसतं. भिंतीशी बोलते मी, महाराज."

अशी उसळली होडी, अशी उसळली, की पाण्याच्या वीतभर वर! उडाली रे, खरंच उडाली! लाटांवरून, ओंडक्यांवरून, थेट जांभळीच्या फांदीशी. राजानं केतकीला उचलून पोटाशी घेतलं. येसूमावशीनं रीतीप्रमाणे विचारलं, "बाळ, कसं काय?"

जांभळ्या तोंडानं ती म्हणाली, "मजेत!"

अगं बाई! राजानं डोळेच मिटले. आता बुडालो! पण होडी तसूभरही हलली नाही. का? अरे, ती खरंच मजेत होती! पोटभर जांभळं, वर हा पूर बघायला. मजेत असलं तर मजेत म्हणावं की! कुणी नको म्हटलंय?

मग राजानं पुन्हा दवंडी पिटली, "जसं असेल तसं सांगा हो!" स्वतः वैद्याकडून तेल आणून येसूमावशीला दिलं. आणि रोज संध्याकाळी केतकी जायची तिच्या घरी, बडबड करायला. भिंतीला सुट्टी मिळाली. सगळे कधी हसले, कधी रडले, पण सुखानं राहिले.

चला, आता आपली होडी सोडायची. मन्या, कसं काय?

"मला थोडी अंधाराची भीती वाटते."

बरं, कंदील बारीक ठेवते. रेवा?

"मजेत! पण आजी, तुझं कसं काय?"

माझं काय मेलं, बरंच आहे.

"आजी, खाट करकरली! बुडतेय!"

बघा, शिकवलं तेच उलटलं! बरं बाई, सांगते. गुडघे दुखतायत. आणि परवा तुम्ही दोघं तुमच्या घरी जाणार, मग ही खाट मोठी वाटते मला. रडू येतं.

या, दोघंही या असे, आणखी जवळ. पाय रुतले तरी चालतील. मिटा डोळे, सुटली होडी.